दुसऱ्या खड्ड्याचा हिशेब

मैल्यापासून तयार होणाऱ्या खताला मराठी भाषेने ‘सोनखत’ हे नाव दिले. नावात सोने आले, तरी या संपत्तीचा हिशेब समाजाने नीट मांडला नाही. आणि मैला उपसण्याचे काम जातीच्या नावाने ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्या श्रमांचा तर मुळीच नाही.

स्वच्छ भारत अभियानात २०१४ पासून ग्रामीण कुटुंबांना शौचालयासाठी १२,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. शौचालये मोजली गेली. ती भरल्यावर काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला. जालना जिल्ह्यात त्याचे उत्तर शेतीशी निगडित आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा वाळल्या. अशा अवर्षणप्रवण मुलखात ओल धरून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य जमिनीला देणे, ही चैन नसून गरज आहे.

त्यासाठी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय ही साधी व्यवस्था पुरेशी आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवावयाचा आणि पहिला दीड ते दोन वर्षे बंद ठेवावयाचा. तेवढ्या काळात रोगजंतू व चिवट जंतांची अंडीही बहुतांशी नष्ट होतात आणि मातीसारखे, दुर्गंधी नसलेले खत हाती येते. ताजा मैला शेतात टाकणे म्हणजे रोगराईला आमंत्रण होय. खड्डा विहिरीपासून किमान १० मीटर दूर हवा; कारण येथील खडकाच्या भेगांतून दूषित पाणी सहज झिरपते. नत्राचा मोठा वाटा मूत्रात असतो व तो खड्ड्यातून जमिनीत मुरून जातो. म्हणून सोनखत रासायनिक खताच्या गोणीची जागा घेईल, असे मानण्याचे कारण नाही. ते जमिनीचा पोत सुधारील, एवढेच.

तथापि खरा लाभ निराळाच आहे. एकच खोल खड्डा किंवा टाकी बांधणारा आजचा खर्च वाचवितो आणि उद्याचा दुसऱ्याच्या माथी मारतो. ती भरली की ताजा मैला उपसावा लागतो, तो बहुधा ओढ्यानाल्यात जातो आणि प्रसंगी विषारी वायूने भरलेल्या टाकीत माणूस उतरविला जातो. २०१३ च्या कायद्याने या अमानुष प्रथेस बंदी केली आहे. कायदा बंदी करतो. दुसरा खड्डा तर ती गरजच संपवितो.

किळस हा यावरचा नेहमीचा आक्षेप. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणास मिळावे म्हणून उपवास आरंभिला. गांधीजींनीही येरवड्यात त्यांना उपवासाने साथ दिली. पुढे मैल्याचे खत करण्याच्या प्रयोगांत अप्पासाहेबांनी आयुष्य वेचले. किळस ही वस्तूची नव्हे, व्यवस्थेच्या अभावाची असते, हा त्याचा अर्थ.

तेव्हा जिल्हा परिषदेने एकखड्डी शौचालयांना दुसरा खड्डा जोडण्याचे काम हाती घ्यावे, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने सोनखताच्या सुरक्षित वापराची प्रात्यक्षिके दाखवावीत आणि शिक्षकांनी हा विषय वर्गात नि:संकोचपणे मांडावा. गावाची स्वच्छता शौचालयांच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांचा मैला कोणाच्या हातून कोठे जातो यावरून ठरली पाहिजे.