विश्लेषण : व्यापारी संघटनेची शिल्लक किती महिन्यांची?

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत कापसाची आवक सुरू झाली की पैसा खेळतो. आवक मंदावली की उधारीची वही जाड होते. व्यापारी संघटनेची वर्गणीही याच चालीने जमा होते. खोलीचे भाडे, वीजबिल, कारकुनाचा पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो.

बँकेत शिल्लक आहे, मग चिंता कशाची?

ती शिल्लक आली कुठून, हे आधी पाहावे. स्मरणिकेच्या जाहिराती आणि एखाद्या बड्या व्यापाऱ्याची देणगी वजा केली की खरे चित्र दिसते. समजा, 200 सभासद आणि वर्गणी 500 रुपये. कागदावर लाख रुपये. प्रत्यक्षात 120 जणांनीच भरली, तर हाती 60 हजार. महिन्याचा ठरलेला खर्च 10 हजार असेल, तर संघटना स्वतःच्या बळावर सहा महिने चालते. उरलेले सहा महिने देणगीदाराच्या मेहरबानीवर. मग गाळेभाड्यावर किंवा बाजार समितीच्या सेसवर निवेदन द्यायची वेळ आली की शब्द कोणाचा चालणार? छोट्या किराणावाल्याचे गाऱ्हाणे मागे पडते ते इथेच.

वर्गणी वाढवली तर कर लागेल?

ही भीती अवाजवी आहे. व्यापार-उद्योगाच्या वाढीसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत ना-नफा संस्थेला प्रति सभासद वर्षाला 1,000 रुपयांपर्यंतच्या वर्गणीवर जीएसटी माफ आहे. म्हणजे 500 ची वर्गणी दुप्पट केली तरी फरक पडत नाही. मात्र सभासदांना ठरावीक सेवा देऊन घेतलेले पैसे आयकरात व्यवसायाचे उत्पन्न धरले जातात. त्यांची नोंद वेगळी हवी.

हिशेबाचे काय?

वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांसाठी 1897 मध्येच कायदा झाला होता. शिस्तीचा व्यवहार इथे नवा नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संघटनेचे लेखापरीक्षण हिशेब बंद झाल्यापासून सहा महिन्यांत व्हावे लागते. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. निवडणुकीत वाद झाला आणि हा अर्ज लटकला, तर बँकेतल्या सह्यांचाही प्रश्न येतो आणि पैसे असून काम अडते.

वार्षिक सभेच्या सूचनेसोबत थकबाकीदारांची यादी लावायला हरकत नसावी. तीत कार्यकारिणीचीच नावे निघाली, तर वसुली तिथूनच सुरू करता येईल.