आवाज कमी, करिअर मोठं!

लग्नसराईत जालन्याला जाऊन बघा. वरात नंतर दिसते, आधी छातीत धडधडते! डीजेच्या गाडीवर मिक्सरमागे उभा असलेला विशीतला पोरगा मात्र एकदम कूल. सगळे फेडर वर, लाल दिवा चालू. बॉस, इथेच तर गोची आहे. लाल दिवा म्हणजे सिग्नल क्लिप होतोय, आवाज फाटतोय. मिक्सिंगचा खरा फंडा उलटाच आहे. गायक ऐकू येत नाही? मग बाकीचे फेडर खाली घ्या.

आणि कानांचं काय? अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! असे गेलेले कान परत येत नाहीत, आणि या धंद्यात कान हेच भांडवल.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंडचा कोर्स आहे. पदवी आणि प्रवेश परीक्षा तर जमवावीच लागते. तिथेच शिकलेल्या रसूल पूकुट्टींना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलेनिअर'च्या साउंड मिक्सिंगसाठी दोन सहकाऱ्यांसोबत ऑस्कर मिळालं. गाडीवरच्या पोरालाही तिथवर जाता येईल, कान शाबूत राहिले तर! म्हणून पुढच्या वरातीत त्याच्या हातात इअरप्लगची जोडी ठेवा. एक तुमच्यासाठीही घ्या.