बदलून टाकू!

दुखरा दात दवाखान्याच्या पायरीवर दुखायचा थांबतो आणि मोटारीतला पंखा गॅरेजच्या दारात शिरताच मुकाट्याने फिरू लागतो. पण दाताचा डॉक्टर निदान तोंड तरी उघडायला लावतो. मोटारीच्या डॉक्टरकडे ‘निदान’ हा शब्द कुठल्याच अर्थाने शिल्लक राहिलेला नाही. रोग्याकडे ढुंकूनही न बघता तो म्हणतो, “साहेब, अख्खी असेंब्लीच बदलून टाकू!”

माझं भांडण आहे ते या ‘बदलून टाकू’शी.

वास्तविक हा पंखा, ज्याला गॅरेजात ब्लोअर म्हणतात, फार सरळ स्वभावाचा. काय होतंय ते तो स्वतःच सांगतो, ऐकणारा हवा. एक, दोन, तीनवर ढिम्म आणि चारवर एकदम वादळ? मग मोटर जिवंत आहे, बहुधा रेझिस्टर जळलाय. कमी वेगाला वीज रेझिस्टरमधून जाते, सर्वांत वरच्या वेगाला त्याला वळसा घालून थेट मोटरकडे जाते, एवढीच त्यातली मेख. डॅशबोर्डला थापटी मारली की फिरतो आणि खड्डा आला की थांबतो? मग मोटरमधले कार्बन झिजलेत, नाहीतर एखादा कनेक्टर सैल होऊन काळा पडलाय. (खड्ड्याची ही तपासणी आपल्याकडे नगरपालिका फुकट करून देते.) खरखर येत असेल तर आत वाळकी पानं, किंवा उंदराने थाटलेला संसार. आवाज भरपूर आणि वारा नाममात्र, तर फिल्टर चोंदलेला.

एवढ्यानेही शंका फिटली नाही तर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प आहे. पंखा रुसलेला असतानाच, स्विच चालू ठेवून, मोटरच्या प्लगच्या दोन वायरींना तो लावायचा. दिवा लख्ख पेटला आणि मोटर हलेना, तर दोषी मोटर. दिवाच पेटला नाही, तर मोटरला तूर्त सोडून द्यायचं आणि फ्यूज, स्विच, रेझिस्टर, अर्थिंग यांची एकेकाची हजेरी घ्यायची. यात कसली आली आहे ब्रह्मविद्या!

यावर गॅरेजवाल्यांचं म्हणणं असं, की शोधण्यात वेळ जातो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. हे अगदीच खोटं नाही. डोकं चालवल्याची मजुरी द्यायला आपण का-कू करतो. खोक्यातून चकचकीत वस्तू निघाली की मात्र निमूटपणे नोटा मोजतो.

पण न शोधता बदललेली वस्तू टिकते कुठे? नवा रेझिस्टर दोन महिन्यांत पुन्हा जळतो, कारण म्हातारी मोटर अडखळत जादा करंट ओढत असते. शिवाय रेझिस्टर बसवलेला असतो तो पंख्याच्याच वाऱ्यात, गार राहावा म्हणून. फिल्टर चोंदला, वारा अडला, की तो भाजून निघतो. म्हणजे गुन्हेगार मोकळा आणि बळी गेलेल्यालाच पुन्हा फाशी!

आणि पंखा म्हणजे श्रीमंतांची चैन असं कुणी समजू नये. जुलैत खंडाळ्याचा घाट चढताना, बाहेर धो धो पाऊस आणि आत पाच माणसांचे श्वास, अशा वेळी समोरची काच दुधासारखी पांढरी होते. वायपर बाहेरून पुसतो. आतून पुसणारा हाच एक. तो नेमका तिथे रुसला, तर रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते हे अंदाजाने ठरवावं लागतं.

तेव्हा वाचकहो, “मोटर गेली” असं कुणी म्हणालं की शांतपणे एकच शब्द विचारा: “कशावरून?” ज्याला सांगता येईल त्याला शोधण्याची मजुरी वेगळी द्या, वर चहा पाजा. अशी माणसं जपायला हवीत. आणि जो म्हणेल, “अनुभवावरून,” त्याच्याकडून जुना भाग तेवढा आठवणीने परत मागून घ्या. तो बहुधा अजून चालत असतो.