कळसूबाई ते कैलास

‘यंदा कैलासाला जायचंच,’ असे ठरले की आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आधी पैशांचा हिशेब होतो. मी म्हणतो, आधी दिवसांचा करा. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून कळसूबाई चढून सराव जरूर करावा. पण १,६४६ मीटरांवर कस लागतो तो पायांचा. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांवर, तर कैलास परिक्रमेतली डोल्मा खिंड साडेपाच हजारांहून उंच. तिथल्या विरळ हवेची सवय वाटेतल्या मुक्कामांनीच, हळूहळू होते. भक्ती कितीही असो. डोके दुखून उलट्या होऊ लागल्या तर पुढे चढू नये. त्रास वाढला तर तडक खाली उतरावे. आईवडिलांना निरोप देताना एवढे जरूर सांगा : अर्ध्यातून परतलात, तरी यात्रा घडलीच.