काफिल्याला बंदोबस्त देता येतो, वाळवंटाला कोण देणार?

दरवर्षी जानेवारीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार रॅली होते. मोटारी, ट्रक, मोटारसायकली, वरून हेलिकॉप्टर, सगळा लवाजमा. पण डकार ही तर सेनेगलची राजधानी, आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला. तिचं नाव लावलेली शर्यत २००९ ते २०१९ दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदीत का भरते? उत्तर मॉरिटानियात सापडतं.

२४ डिसेंबर २००७ रोजी मॉरिटानियातील अलेग गावाजवळ रस्त्याच्या कडेला जेवायला थांबलेल्या एका फ्रेंच कुटुंबावर गोळीबार झाला. चौघे ठार झाले. दोनच दिवसांनी अल-घल्लाविया इथल्या लष्करी चौकीजवळ मॉरिटानियाचे सैनिक मारले गेले. रॅली लिस्बनहून ५ जानेवारीला निघणार होती आणि तिच्या १५ टप्प्यांपैकी ८ मॉरिटानियातून जाणार होते. तिथल्या सरकारने सुमारे ३,००० जवानांचा बंदोबस्त देऊ केला. तरीही फ्रान्स सरकारचा इशारा आणि अल-कायदाच्या मगरिब शाखेच्या धमक्या पाहून आयोजकांनी ४ जानेवारीला, म्हणजे आदल्या दिवशी, सगळी शर्यतच रद्द केली. रॅलीवर एकही गोळी न झाडता धमकी देणाऱ्यांना हवं ते मिळालं.

आता प्रश्न असा, की ३,००० जवान कमी होते का? खरं सांगायचं तर आकड्याचा प्रश्नच नव्हता. वाहनांचा काफिला आणि वाहनांची शर्यत यांत मोठा फरक असतो. काफिल्याला बंदोबस्त देणं सोपं. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, मधे कुणी तुटू द्यायचं नाही, आणि रात्री मुक्कामाभोवती पहारा. शर्यत सुरू झाली की पहिला आणि शेवटचा यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर पडतं. कुणी रेतीत रुतलेला असतो, कुणाचं इंजिन बंद पडलेलं असतं, कुणी वाट चुकलेला असतो. उपग्रहावरून गाडी कुठे आहे ते कळतं, पण तिच्याजवळ आधी कोण पोहोचेल ते उपग्रह ठरवत नाही.

साधा काफिलाही दर वेळी सुरक्षित राहतो असं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये नुआधिबू ते नुआक्शोत या डांबरी हमरस्त्यावरून बार्सिलोनाच्या एका संस्थेच्या गाड्या मदत घेऊन चालल्या होत्या. अपहरणकर्त्यांनी सर्वात मागची गाडी गाठली आणि तिच्यातील तिघांना पळवलं. शेवटचे दोघे सुटायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला.

आयोजकांना हे आधीपासून ठाऊक होतं. २००० साली नायजरमध्ये हल्ल्याचा धोका दिसताच त्यांनी अख्खी रॅली अजस्र मालवाहू विमानांत भरून नियामेहून थेट लिबियातील सबहाला नेली. २००४ मध्ये मालीतील टप्पे गाळले. म्हणजे जिथे भूभाग राखता येत नाही तिथून निघून जायचं, एवढाच उपाय. श्रीमंत पाहुण्याला तो परवडतो.

अतारला तो परवडला नाही. मॉरिटानियाच्या अद्रार भागातलं हे गाव रॅलीच्या विश्रांतीचं ठिकाण होतं. तिथून पुढे शिनकीत लागतं. हाजींचे काफिले जिथून निघायचे, जिथल्या जुन्या घरांत आजही हस्तलिखितांचे संग्रह जपलेले आहेत, तेच हे शिनकीत. शनकीती आडनावाचे आलिम आपल्याकडेही दीनी पुस्तकं वाचणाऱ्यांना अनोळखी नाहीत. २००७ नंतर इथे येणारे पर्यटक जवळजवळ थांबले. वाटाडे, उंटवाले, छोट्या खोल्या भाड्याने देणारे यांचा धंदा बसला. पॅरिसहून अतारला येणारी विमानं पुन्हा सुरू झाली ती २०१७ च्या डिसेंबरात.

मधल्या काळात काय बदललं? मॉरिटानियाने ईशान्येचा मोठा निर्जन पट्टा लष्करी क्षेत्र जाहीर केला, वाळवंटात वेगाने फिरणारी पथकं उभारली. मालीच्या सीमेकडे उंटस्वार तुकडी ठेवली. ती विहिरींवर जाते, भटक्यांना औषधपाणी देते, आणि नवा चेहरा कुठे दिसला ते तिला त्यांच्याकडूनच कळतं. २०१० मध्ये नुआक्शोतच्या तुरुंगात उलेमांनी कट्टरपंथी कैद्यांशी समोरासमोर चर्चा केली. शेख मुहम्मद अल-हसन वलद अद-ददौ त्यात पुढे होते, आणि नंतर काही कैद्यांना माफीही मिळाली. २०११ नंतर त्या देशात मोठा हल्ला झालेला नाही. टीकाकार म्हणतात, आतून अल-कायदाशी समझोता झाला असावा. अशा समझोत्याची चर्चा असलेली कागदपत्रं अबोटाबादच्या घरातून मिळाली, पण सरकार इन्कार करतं. असेलही काही. तरी उलेमांचा संवाद आणि विहिरीवरची ओळख यांना शून्य किंमत देणं मला पटत नाही.

कारण वाळवंटाचा हा हिशेब जुना आहे. दमास्कसहून निघणाऱ्या हजच्या काफिल्यासोबत उस्मानी सैन्य असायचं, पण वाटेवरच्या बदू टोळ्यांना ठरलेली रक्कम देणंही तितकंच महत्त्वाचं होतं. दुष्काळ आणि टोळ्यांशी बिनसलेले व्यवहार यांत १७५७ साली परतीच्या काफिल्यावर बनू सख्र तुटून पडले. हजारो हाजी मारले गेले, नाहीतर भूक-तहानेने गेले. सैन्य सोबत होतंच.

सौदीत आज रॅलीला जो बंदोबस्त मिळतो तो मॉरिटानियाच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिथेही ३० डिसेंबर २०२१ रोजी जेद्दाहमध्ये हॉटेलातून निघालेल्या एका फ्रेंच संघाच्या गाडीखाली स्फोट झाला. चालकाच्या पायांना गंभीर जखमा झाल्या. सौदी पोलिसांनी सुरुवातीला घातपाताचा संशय नसल्याचं सांगितलं, फ्रान्सच्या दहशतवादविरोधी सरकारी वकिलांनी मात्र तपास सुरू केला. शर्यत थांबली नाही. २००८ मध्ये गरीब देशात घडलेल्या हल्ल्यांनंतर सगळं रद्द, आणि २०२२ मध्ये श्रीमंत देशात खुद्द स्पर्धकाची गाडी उडाली तरी पुढे चला. याला फक्त सुरक्षेचा निकष म्हणता येईल का, ते वाचकांनीच ठरवावं.

जुन्या वाटेवर आता आफ्रिका इको रेस धावते. ती मोरोक्कोच्या ताब्यातील पश्चिम सहारातून गरगरातच्या नाक्यावरून मॉरिटानियात उतरते. तिथे वेगळाच पेच आहे. मोरोक्कोच्या पहाऱ्यात तिथून जाणं म्हणजे मोरोक्कोचा हक्क मान्य करणं, असं पोलिसारियो आघाडी म्हणते. २००१ साली पॅरिस-डकारच्या मार्गावरून तिने युद्ध पुन्हा सुरू करण्याची धमकी दिली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये याच नाक्यावरून १९९१ ची युद्धबंदी मोडली. म्हणजे इथे बंदोबस्त कोण देतो हाच भांडणाचा मुद्दा, आणि टिंडूफच्या छावण्यांत अर्धशतक काढलेल्या सहरावींच्या दृष्टीने ती मोटारींची शर्यत मुळीच नाही.

मॉरिटानियात ही रेस पश्चिमेच्या बाजूनेच फिरते. पूर्वेला, मालीच्या सीमेजवळ म्बेराची छावणी आहे. मालीतल्या हिंसेतून पळालेले एक लाखाहून अधिक लोक तिथे राहतात. येताना त्यांच्या पुढे-मागे कुठलीच गाडी नव्हती.