गुण देणाऱ्या हाताचेही मोजमाप हवे!

सत्र संपत आले की अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हाती एक अभिप्राय-पत्रक दिले जाते. प्राध्यापक वेळेवर येतात काय? विषय समजावून सांगतात काय? शंकेचे निरसन करतात काय? गुण निःपक्षपातीपणे देतात काय? एक ते पाच यांपैकी एका आकड्यावर खूण करायची. 'नॅक'ने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला मूल्यांकनात स्थानही दिले. कागदावर पाहिले तर केवढा हा अधिकार! पण वस्तीतून, खेड्यातून, समाजकल्याणच्या वसतिगृहातून आलेला आपला विद्यार्थी या अधिकाराचे काय करतो? तो सरसकट 'उत्तम'वर खुणा करतो आणि पत्रक परत देतो. कारण जर्नलवर सही व्हायची असते, टर्मवर्कचे गुण त्याच सरांच्या हातात असतात, तोंडी परीक्षा बाकी असते आणि पुढच्या वर्षीचा प्रकल्प त्यांच्याच प्रयोगशाळेत करायचा असतो. भीतीपोटी दिलेल्या पाच गुणांना मत म्हणता येत नाही. ती वसूल केलेली खंडणी आहे.

जैवअभियांत्रिकीचेच उदाहरण घेऊ. आपली मुले-मुली आता या शाखेकडेही वळू लागली आहेत. या शाखेत एका बाजूला गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि संकेतांचे विश्लेषण, तर दुसऱ्या बाजूला हृदय, रक्त, स्नायू आणि पेशी. ज्याने बारावीला जीवशास्त्र सोडले त्याला शरीररचना नवी आणि ज्याने गणिताकडे दुर्लक्ष केले त्याला समीकरणे अवघड. म्हणजे वर्गातला जवळजवळ प्रत्येकजण कुठेतरी कच्चा असतोच. चांगला प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात कोणाला काय येते हे विचारून घेतो आणि अधला-मधला पूल बांधून देतो. दुसरा प्राध्यापक 'हे तुम्हाला यायलाच हवे' म्हणतो आणि पडद्यावरच्या स्लाइड वाचत पुढे निघून जातो. ज्याच्या घरी इंजिनिअर काका आहे, खासगी शिकवणीला पैसे आहेत, तो मागे पडलेले भरून काढतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, इंग्रजी पुस्तकाशी एकट्याने झुंजणारा मात्र गप्प बसतो. त्याच्या या गप्प बसण्याला मग 'गुणवत्ता नाही' असे नाव दिले जाते.

त्यात आयआयटीसारख्या संस्थांतील सापेक्ष श्रेणीची पद्धत. तुम्हाला किती आले यापेक्षा वर्गातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे उभे आहात यावरून श्रेणी ठरते. तेच ६० गुण एका वर्षी चांगली श्रेणी देतील, तर दुसऱ्या वर्षी तळाची. सीमारेषा कुठे ओढायची हे प्राध्यापक ठरवतो आणि ती तिथेच का ओढली हे बहुधा कोणी विचारत नाही.

लेखी पेपरात निदान कागद शिल्लक राहतो. तोंडी परीक्षेत काय शिल्लक राहते? आडनाव विचारले, गाव विचारले, 'रँक किती होता' विचारले, दोन प्रश्न फेकले आणि गुण पडले! हे आमच्या मनाचे खेळ नाहीत. दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभावाच्या चौकशीसाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ साली अहवाल दिला. पाहणीतील अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६९ टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नसल्याचे सांगितले. सुमारे ८४ टक्के विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतील मूल्यमापन अन्यायाचे असल्याचे सांगितले. विद्यार्थ्यांचे मत म्हणतात ते हे! पण ते कळण्यासाठी बाहेरची समिती यावी लागली. संस्थेच्या स्वतःच्या यंत्रणेतून ते बाहेर आले नाही.

'विद्यार्थी तक्रार करणारच, त्यात पुरावा काय?' असे विचारणाऱ्यांसाठी दुसरा दाखला आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातच एक प्रयोग केला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडे तपासायला दिल्या आणि मुखपृष्ठावर जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी, वाटेल तशी लिहिली. उत्तराचा आणि जातीचा काहीही संबंध ठेवला नव्हता. तरी 'खालची' जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता. पण अर्ध्या गुणाने श्रेणी घसरते तिथे लहान फरकही पुरेसा असतो. या प्रयोगातल्या दोन गोष्टी आपण विशेष लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, हा भेद गठ्ठ्यातल्या सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत जास्त होता. म्हणजे मापदंड मनात पक्का नसतो तेव्हा ती रिकामी जागा जात भरून काढते. दुसरी गोष्ट झोंबणारी आहे. कमी गुण देण्यात तथाकथित खालच्या जातींतले शिक्षकच पुढे होते. मनुवादी व्यवस्थेचे विष आपल्याही नसांत उतरले आहे, हे मान्य केल्याशिवाय ते बाहेर काढता येणार नाही.

यावर उपाय काय, हे जैवअभियांत्रिकीच शिकवते. मोजणाऱ्या यंत्रावर विसंबण्यापूर्वी ते यंत्र तपासावे लागते, हा या शास्त्राचा पहिला धडा. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घराघरात पोहोचले. अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी २०२० साली दाखवून दिले की, रक्तातला प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असतानाही हे यंत्र तो पुरेसा असल्याचे दाखवते, आणि असे होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. पण सावळ्या कातडीवर ते पुरेसे तपासलेच गेले नव्हते. आमचा प्राध्यापकांना साधा सवाल आहे. ऑक्सिमीटरची चूक तुम्ही शोधता, मग तुमच्या हातातल्या लाल पेनाची चूक कोण शोधणार?

मात्र विद्यार्थ्यांचे मत म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही आम्ही म्हणणार नाही. तेही एक मोजमापच आहे आणि त्यातही खोट असते. २०१५ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑनलाइन वर्गात एका पुरुष आणि एका स्त्री शिक्षकाने एकेका गटाला आपली ओळख बदलून शिकवले. जिथे विद्यार्थ्यांना शिक्षक पुरुष वाटला तिथे गुण जास्त पडले. वह्या सारख्याच वेळेत परत मिळाल्या, तरी 'स्त्री' शिक्षकाला तत्परतेचे गुण कमी! अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतील २०१० च्या अभ्यासात दिसले की, सुरुवातीच्या विषयात विद्यार्थ्यांना खूश ठेवून चांगले गुण मिळवून देणाऱ्या प्राध्यापकांचे विद्यार्थी पुढच्या अवघड विषयांत मागे पडले. लोकप्रिय आणि चांगला हे दोन शब्द एक नव्हेत.

बाबासाहेबांचाच अनुभव पाहा. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी प्राध्यापकांसाठीच्या माठातले पाणी पिण्याला सहकाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, म्हणून सुरुवातीला विद्यार्थीही उदासीन होते. पुढे त्यांची विद्वत्ता अशी गाजली की, इतर महाविद्यालयांतले विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानाला येऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यातच अभिप्राय-पत्रक वाटले असते तर काय निकाल लागला असता? आज आपले मोजके प्राध्यापक, त्यातही आपल्या भगिनी प्राध्यापिका, सवर्णबहुल वर्गासमोर उभ्या राहतात. तेव्हा तेच पत्रक त्यांच्या बढतीवर कुऱ्हाड ठरू शकते, हे चळवळीने विसरता कामा नये.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. कोणत्या उत्तराला किती गुण, हे तपासणीपूर्वी लेखी ठरलेले असावे. तपासलेला पेपर विद्यार्थ्याला दाखवलाच पाहिजे. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक हवेत, त्यातला एक विभागाबाहेरचा, आणि विचारलेल्या प्रश्नांची नोंद हवी. नाव झाकलेल्या लेखी परीक्षेत आणि समोरासमोरच्या तोंडी परीक्षेत प्रवर्गनिहाय किती फरक पडतो, हे विभागाने दरवर्षी तपासावे. लेखीत बरोबरीला असलेला विद्यार्थी तोंडीत वर्षानुवर्षे मागे पडत असेल, तर चौकशी परीक्षकाची व्हावी.

अभिप्राय-पत्रकाचेही तसेच. ते संबंधित प्राध्यापकाने गोळा करू नये आणि निकाल लागेपर्यंत त्याला दाखवूही नये. ज्या वर्गात आपले चारच विद्यार्थी आहेत तिथे नाव न लिहिता केलेली तक्रारही ओळखू येते. तिथे समान संधी कक्षाने तीन-चार वर्षांची मते एकत्र करूनच मांडावीत. आणि 'सर कसे वाटतात' हे विचारण्याऐवजी 'पेपर किती दिवसांत परत दिला, शंकेसाठी वेळ दिला काय, गुणांचे कारण सांगितले काय' असे पडताळता येणारे प्रश्न विचारावेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेचे नियम केले आणि समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. त्या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. लेकरे गमावलेल्या आयांनी हे करायचे आणि आपण पत्रकावर 'उत्तम' लिहून मोकळे व्हायचे, हे शोभते काय?

विद्यार्थी मित्रांनो, तारीखवार नोंद ठेवा. काय विचारले, काय उत्तर दिले, किती गुण पडले, हे त्याच दिवशी लिहून काढा. एकट्याने तक्रार करू नका, पाच जण मिळून करा. जो प्राध्यापक जीव ओतून शिकवतो त्याच्याबद्दलही दोन ओळी आवर्जून लिहा. मग तो कोणत्याही जातीचा असो. आणि आपल्या समाजाच्या संस्थाचालकांनो, सरकारी आदेशाची वाट पाहू नका. नाव झाकून पेपर तपासायला कोणाची परवानगी लागत नाही. येत्या सत्रापासून सुरुवात आपल्याच महाविद्यालयांतून करा, म्हणजे दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपला हात स्वच्छ राहील.