सिद्धीचें मोल

मेजाभोंवतीं बसून खेळावयाच्या कथाखेळांत मनोबळ असलेलें पात्र घ्यावें कीं नाहीं, आणि घेतल्यास त्याची शक्ति इतरांच्या शक्तीशीं कशी तोलावी, हा वाद पुष्कळांस पोरकट वाटेल. आम्हांस तसा वाटत नाहीं. एका दिवाळीच्या सुटींत मुरगुडास आमच्या घरच्या सोप्यावर पांच मुलें असा खेळ मांडून बसलीं होतीं. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगे. बाकीचीं योद्धा, वैद्य, चोर, मनोयोगी अशीं पात्रें घेऊन फांसे टाकीत व वाट काढीत. गांवची तिजोरी कोणीं फोडली, हें शोधावयाचें होतें. मनोयोग्यानें पहिल्याच डावांत पाटलाच्या मनांत डोकावून गुन्हेगाराचें नांव सांगून टाकलें. चोराचें पात्र घेतलेल्या आमच्या पुतणीनें आपल्या कागदाची घडी घातली, चहा ठेवण्याच्या निमित्तानें ती उठली, आणि पुन्हा बसली नाहीं. सारा वाद आम्हांस त्या घडींत दिसतो.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ सालीं अमेरिकेंत गायगॅक्स व आर्नेसन यांनीं काढलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यांत मनोबळ आलें १९७६ सालच्या पुरवणींत. १९७८ च्या ग्रंथांत तें केवळ दैवाधीन होतें: बुद्धि, शहाणपण वा प्रभाव यांपैकीं एखादा गुण सोळा किंवा अधिक असला, तरच फांसे टाकावयाचे, आणि लाभण्याची आशा फारच थोडी. ज्यास लाभलें तो शिरजोर, इतर कोरडे! पुढें २००४ च्या ग्रंथांत शक्तीचे गुण ठरले. मनोयोग्यानें ते संचयांतून हवे तसे खर्चावे, मात्र एका प्रयोगास आपल्या पायरीहून अधिक खर्चूं नयेत, असा बांध घातला गेला. बांध चांगला, पण पाणी दुसरीकडून वाहिलें. दिवसांत एकच झुंज झाली, तर मनोयोगी तींत सारा संचय उधळतो व खुशाल झोंपीं जातो. चार झाल्या, तर तोच रिकाम्या हातांनीं बसतो. म्हणजे तोल ग्रंथांतल्या आंकड्यांवर राहिला नाहीं, सूत्रधाराच्या दिनक्रमावर गेला.

यावर दोन पक्ष निघाले आहेत. एक म्हणतो, मनोबळास जादूचेंच दुसरें नांव द्या. तिचे नियम तोललेले आहेतच. हा आळस होय. मंत्र म्हणणाऱ्याचें तोंड बांधतां येतें. मनांत उठणारी शक्ति कोणीं कशी बांधावी? दोहोंस एकच माप लावल्यास दोन पात्रें ठेवण्याचें प्रयोजनच उरत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, मनोयोग्यास हांकलूनच द्या. हा भित्रेपणा होय. घरांत एक मूल हुशार निघालें म्हणून त्याची शाळा कोणी बंद करीत नाहीं.

आश्चर्य हें कीं, आमचीं मुलें या प्रश्नाचें उत्तर परदेशीं शोधतात. पतंजलीनें योगसूत्रांच्या तिसऱ्या पादांत परचित्तज्ञान, अंतर्धान, भूतभविष्याचें ज्ञान अशा सिद्धींची मोठी यादी दिली, आणि त्याच पादांत त्यांना समाधीच्या आड येणाऱ्या उपाधी ठरविलें. चांगदेवाची कथा तर घरोघर ठाऊक आहे. वाघावर बसून, हातीं सापाचा चाबूक घेऊन आलेला योगी भिंतीवर बसलेल्या भावंडांपुढें नमला, आणि परंपरा सांगते कीं, त्याला गुरु लाभली ती सर्वांत धाकटी मुक्ताबाई. आमच्या पूर्वजांनीं सिद्धि नाकारली नाहीं. तिला मोल लावलें.

तेंच मोल या खेळांत लावावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचें मन वाचणाऱ्याचें स्वतःचें मनही त्या क्षणीं उघडें पडावें. मनांतून कळलेली गोष्ट पंचांपुढें पुरावा म्हणून चालूं नये. म्हणजे कुलूप उघडावयास चोर लागेल, जखमेची परीक्षा करावयास वैद्य लागेल, आणि साक्षीदारास राखावयास योद्धा लागेल. संचय सरला म्हणून दिवस संपूं नये. रात्र केव्हां पडावी, हें सूत्रधारानें ठरवावें, दमलेल्या योग्यानें नव्हे.

कोणी म्हणेल, इतकीं बंधनें घातल्यावर मनोयोगी कोण होईल? ज्यास शक्तीची हौस आहे पण दुसऱ्यांची गरज नको, तो होणार नाहीं. आणि त्यानें न होणेंच बरें. सर्वांचे आंकडे सारखे करणें म्हणजे तोल, हा भ्रम सोडून द्यावा. खेळ संपेपर्यंत एकाही मुलाला आपल्या कागदाची घडी घालावीशी वाटूं नये, एवढाच तोल आम्ही ओळखतों. पुढच्या सुटींत सोपा याच अटीवर मिळेल, असें आम्हीं त्या मनोयोग्यास सांगून ठेवलें आहे.